रानात आणि गाडीत, दोन्हीकडे चालेल असा परवडणारा हातातला जीपीएस कोणता घ्यावा?

पाऊलखूण:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस विचारायचं होतं. मला हातात धरायचा जीपीएस घ्यायचाय. महिन्यातून दोनदा तरी डोंगरात किंवा जंगलात चालायला जाते, कधी एक दिवस कधी दोन-तीन दिवस मुक्कामी, आणि तिथपर्यंत गाडी मीच चालवते. आत्तापर्यंत फोनवर भागवलं पण मागच्या खेपेला दुसऱ्या दिवशी दुपारीच फोनने मान टाकली, पॉवर बँक ओली झालेली, आणि पुढचे चार तास मी दुसऱ्यांच्या मागे मागे चालले, ते मला अजिबात आवडलं नाही. तर एकच यंत्र असं घ्यायचंय की गाडीत डॅशबोर्डवर लावलं की रस्ता दाखवेल आणि उतरले की काढून खिशात टाकता येईल. बजेट बेताचंच आहे, वरच्या श्रेणीतलं परवडणार नाही. टचस्क्रीन हवा की बटणांचा, नकाशे विकत घ्यावे लागतात का, जुनं घेतलं तर चालेल का, सगळंच सांगा, मला यातलं फार कळत नाही.

चाकावरती:
ताई, मी गाडीच्या बाजूने सांगतो कारण माझं निम्मं आयुष्य ड्रायव्हिंगमध्ये गेलंय. हातातला जीपीएस गाडीत लावून बघितला होता, दोन महिने वापरला आणि बंद केला. स्क्रीन एवढीशी, सव्वादोन इंचाच्या आसपास, चालवताना त्यावर नजर टाकायची म्हणजे रस्त्यावरून नजर हटलीच. वर यातल्या स्वस्त मॉडेल्समध्ये स्पीकर नसतो, म्हणजे 'पुढे डावीकडे वळा' असं बोलून सांगणारं कोणी नाही. लांबचा मार्ग काढायला सांगितलं तर बराच वेळ नुसता विचार करत बसतो कारण आतला प्रोसेसर साधा असतो. गाडीसाठी फोनच वापरा. निघायच्या आधी घरच्या वायफायवर ऑफलाइन नकाशे उतरवून घ्या, ऑरगॅनिक मॅप्स किंवा ऑसमअँड यातलं कुठलंही अ‍ॅप घ्या, दोन्ही ओपनस्ट्रीटमॅपच्या, म्हणजे स्वयंसेवकांनी मिळून बनवलेल्या फुकट नकाशांवर चालतात, रेंज गेली तरी मार्ग काढतात. गाडीत चार्जिंग असतंच त्यामुळे बॅटरीचं दुखणं तिथे येत नाही. जे पैसे वाचतील ते रानातल्या यंत्रावर घाला.

नवशिका:
पण फोनला सिम नसेल, रेंज नसेल तर जीपीएस चालतो? मला वाटायचं नेट लागतं.

उत्तरध्रुव:
चालतो. फोनमधला जीपीएस हा नुसता रिसीव्हर आहे, उपग्रहांकडून ऐकतो, त्यांना काही पाठवत नाही. नेट असलं की फायदा एवढाच की कुठला उपग्रह नेमका कुठे आहे ही माहिती त्याला झटकन मिळते. नेट नसेल तर तीच माहिती थेट उपग्रहाकडून घ्यावी लागते आणि तिकडून ती सेकंदाला फक्त ५० बिट या वेगाने येते. एका उपग्रहाची स्वतःच्या कक्षेची माहिती यायला साधारण ३० सेकंद, सगळ्या उपग्रहांचं पंचांग म्हणजे अल्मनॅक पूर्ण उतरायला साडेबारा मिनिटं. म्हणून बरेच दिवस बंद असलेलं यंत्र सुरू केलं की लोक वैतागतात, 'लागतच नाहीये' म्हणून. उघड्यावर दगडावर ठेवा, पाच-दहा मिनिटं हलवू नका, लागतो.

आता पाऊलखूण यांच्या प्रश्नाकडे येतो, जरा लांबेल.

दोन्हीकडे चालणारं एकच यंत्र हवं हे मला पटतं, मी पण तेच शोधत होतो, पण त्यात पैसे घालू नका. गाडीला काय लागतं, तर मोठी स्क्रीन, आवाज, ताजी वाहतूक. रानात नेमकं उलटं. उन्हात दिसणारी स्क्रीन, ओल्या हाताने किंवा हातमोजे घालून दाबता येतील अशी बटणं, आणि बॅटरी संपली तर बदलता येणारे सेल. त्यातलं शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं आहे. बाजारात साधे दोन एए सेल टाकून चालणारी यंत्रं अजून मिळतात आणि माझ्या मते बेताच्या बजेटमध्ये दुसरं काही बघूच नये. आतल्या आत बसवलेली बॅटरी संपली की संपली, इथे खिशातून दुसरी जोडी काढली, दहा सेकंदात पुढे चालू.

नाव घेऊन सांगायचं तर गार्मिन कंपनीची ईट्रेक्स मालिका. ईट्रेक्स १० हे २०११ चं, काळंपांढरं, त्यात नकाशा म्हणावा असा काही नाहीच, तुमचा मार्ग एक रेघ म्हणून दिसतो आणि खुणा ठिपके म्हणून. २०१९ साली २२एक्स आणि ३२एक्स आले, रंगीत स्क्रीन, ८ जीबी जागा, वर मायक्रोएसडी कार्डाची खाच, आणि कंपनीच्या सांगण्यानुसार दोन सेलवर २५ तास. मी निकेल मेटल हायड्राइडवाले रिचार्जेबल सेल वापरतो आणि त्यावर मला रोजचे आठ-नऊ तास धरून दोन दिवस आरामात मिळतात, तिसऱ्या दिवशी सकाळी सेल बदलतो. मग २०२३ मध्ये ईट्रेक्स एसई आला, तो १६८ तासांचा दावा करतो, पण परत काळंपांढरा आणि यंत्रावर नकाशा नाही, नकाशा बघायचा तर ब्लूटूथने फोन जोडायचा. बॅटरी बघून तो घ्यावासा वाटेल पण फोन संपला तर नकाशा पण गेला, आणि तुमची तक्रार नेमकी तीच आहे.

तुमच्यासाठी मी २२एक्स म्हणेन. ३२एक्समध्ये हवेच्या दाबावर चालणारा उंचीमापक आणि चुंबकीय होकायंत्र जास्त आहे, तेवढ्यासाठी जास्तीचे पैसे घालायचे की नाही ते तुमच्यावर.

नवशिका:
होकायंत्र नाही म्हणजे २२एक्स दिशा दाखवत नाही??

उत्तरध्रुव:
दाखवतो, पण चालत असाल तरच. मागची जागा आणि आत्ताची जागा यावरून तुम्ही कुठे तोंड करून निघालात ते तो काढतो. थांबलात की बाण कुठेही फिरतो. फाट्यावर उभं राहून 'आता कुठल्या वाटेने' म्हणून बघितलं तर फसाल, आधी वीस पावलं चाला मग बाण बघा. थांबल्यावरही बाण स्थिर ठेवणाऱ्या ३२एक्सचं होकायंत्र पण सेल बदलले की परत कॅलिब्रेट करावं लागतं, हातात धरून तिन्ही अंगांनी गोल फिरवायचं. मी गळ्यात साधं सुईचं होकायंत्र अडकवतो, वजन नाही सेल नाही.

झाडोरा:
उत्तरध्रुव यांच्याशी सहमत, फक्त एक भर घालते. आम्ही काही जण जंगलात जुन्या झाडांच्या नोंदी ठेवतो, प्रत्येक झाडापाशी खूण टाकायची आणि पुढच्या वर्षी तेच झाड शोधून घेर मोजायचा. त्यामुळे अचूकतेचा अनुभव रोजचा आहे. उघड्या माळावर साधं यंत्र तीन ते पाच मीटरमध्ये बसतं. दाट झाडीत, विशेषतः पाऊस पडून पानं ओली असताना, दहा-पंधरा मीटर आरामात सरकतं, आणि एका बाजूला उभा कडा असेल तर त्याहून वाईट कारण सिग्नल कड्यावर आपटून येतो आणि यंत्राला वाटतं उपग्रह आहे त्यापेक्षा लांब आहे. अशा जागी ट्रॅक, म्हणजे यंत्राने नोंदवलेली आपली चाललेली वाट, बघितला तर आपण कड्यातून आरपार चालत गेल्यासारखा दिसतो.

त्यावर उपाय दोन. एक, खूण टाकताना घाई करायची नाही. काही मॉडेल्समध्ये वेपॉइंट अ‍ॅव्हरेजिंग असतं, यंत्र एका जागी ठेवायचं, ते सरासरी काढत राहतं, आणि तीच जागा दीड-दोन तासांनी परत येऊन अजून एकदा मोजली तर फार छान बसते कारण तोपर्यंत डोक्यावरचे उपग्रह बदललेले असतात. दोन, यंत्र कसं धरता ते बघा. ईट्रेक्ससारख्या छोट्या यंत्रात चपटा अँटेना असतो, तो आडवा, आकाशाकडे तोंड करून धरला की चांगला चालतो. डोक्यावर जाडसर शेंडी असलेली जी मोठी यंत्रं असतात, जीपीएसमॅप ६४, ६५ वगैरे, त्यांच्यात गुंडाळलेला अँटेना असतो, ती उभी धरायची. मी बरीच वर्षं छोटं यंत्र कमरेच्या पट्ट्याला उभं लावायचे आणि ट्रॅक वाकडातिकडा येतो म्हणायचे. आता खांद्याच्या पट्ट्यावर वरच्या बाजूला आडवं अडकवते, ट्रॅक एकदम सुतासारखा.

जीपीएसमॅप ६५ दोन फ्रिक्वेन्सींवर ऐकतो म्हणून कड्याखाली बराच बरा आहे, पण बेताच्या बजेटमध्ये तो बसत नाही, आणि चालण्यासाठी दहा मीटरने काही बिघडत नाही. वाट दहा मीटरवर दिसतेच.

पाऊलखूण:
केवढी माहिती, मनापासून आभार सगळ्यांचे. गाडीचा विचार सोडला, फोन गाडीला आणि हे रानाला, पटलं. नकाशांचं सांगा ना कोणीतरी. आणि सेकंडहँड?

कंदील:
सेकंडहँडचं मी सांगतो, माझी तिन्ही यंत्रं जुनीच घेतलेली आहेत.

पहिलं म्हणजे सेलचं झाकण उघडून बघा, फोटोवर घेऊ नका. आत स्प्रिंगांवर पांढरी हिरवी पूड दिसली तर कधीतरी सेल गळलेत. थोडं असेल तर व्हिनेगरच्या बोळ्याने निघतं, पण स्प्रिंग खाल्ली गेली असेल तर चढ-उताराच्या धक्क्यांनी यंत्र मधेच बंद पडत राहतं, अगदी नको त्या वेळी. मग झाकणाचं आणि यूएसबीच्या तोंडावरचं रबर बघा. आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, पण ते नव्या यंत्राचं, रबर कडक होऊन भेगाळलेलं असेल तर धुक्याने पण आत बाष्प धरतं. बटणं एकेक दाबून बघा, ईट्रेक्सची ती छोटी काडी चारही बाजूंना हलवून आणि आत दाबून बघा, सगळ्यात आधी तीच झिजते. आणि स्क्रीन उन्हात नेऊन बघा, दिवा बंद ठेवून. चांगली स्क्रीन उन्हात जास्त स्पष्ट दिसते, फोनच्या बरोबर उलटं.

फार जुनं यंत्र घेतलं आणि त्यात तारीख वीस-एक वर्षं मागची दिसली तर घाबरू नका. जीपीएस आठवडे मोजतो आणि १०२४ झाले की मोजणी परत शून्यापासून सुरू होते, आत्तापर्यंत असं ऑगस्ट १९९९ मध्ये आणि एप्रिल २०१९ मध्ये झालं. जुन्या यंत्रांना ते कळत नाही. जागा सहसा बरोबर दाखवतात, पण ट्रॅकवरची तारीख आणि सूर्योदयाची वेळ चुकते.

सेलचं अजून एक, आणि हे कृपा करून सगळ्यांनी वाचा. एए आकाराचेच ३.७ व्होल्टचे लिथियम आयन सेल मिळतात, १४५०० म्हणून विकतात. दिसायला हुबेहूब, बसतात पण बरोबर. दोन टाकले तर तीन व्होल्टच्या जागी सात-आठ व्होल्ट जातात आणि यंत्र तिथेच जळतं. माझ्या ओळखीच्या एकाचं नवं कोरं यंत्र असंच गेलं. टाकायच्या आधी सेलवर १.२ किंवा १.५ व्होल्ट लिहिलंय हे डोळ्यांनी वाचा. थंडीत जाणार असाल तर १.५ व्होल्टचे एकदाच वापरायचे लिथियम सेल उत्तम, गोठणबिंदूच्या बऱ्याच खाली सुद्धा चालतात, साधे अल्कलाइन थंडीत लगेच बसतात. जे टाकाल तो प्रकार सेटिंगमध्ये निवडा, नाहीतर बॅटरीचा पट्टा खोटं दाखवतो. आणि घरी आल्यावर सेल काढून ठेवा.

उत्तरध्रुव:
कंदील, तारखेचं छान सांगितलंत. नकाशांचं मी घेतो.

२२एक्समध्ये नकाशा आधीच टाकलेला येतो, पण कुठल्या प्रदेशाचा ते खोक्यावर बघून घ्या, एका भागात विकलेल्या यंत्रात दुसऱ्या भागाचा नकाशा नसतो. त्याशिवाय ओपनस्ट्रीटमॅपवरून बनवलेले गार्मिनला चालणारे नकाशे फुकट उतरवता येतात, रस्त्यांचे वेगळे, समोच्च रेषांवाले वेगळे. नकाशाची ती आयएमजी फाइल कार्डावर गार्मिन नावाच्या फोल्डरमध्ये ठेवायची, झालं. एकाच जागेचे दोन-तीन नकाशे एकदम चालू ठेवू नका, एकावर एक चढतात आणि वाटा झाकल्या जातात. जायच्या आधी घरी बसून नकाशा हलवून बघा, हव्या त्या खोऱ्यात पायवाटा खरंच काढलेल्या आहेत का. स्वयंसेवकांनी काढलेला नकाशा आहे, एका डोंगराच्या शेळ्यांच्या वाटासुद्धा असतात आणि शेजारचा डोंगर कोरा असतो.

चाकावरती:
यावरून आठवलं, हे ताईंनी नक्की वाचावं, कारण गाडी आणि रान एका यंत्रात घातल्यामुळेच माझं हे झालं. सकाळी गाडीत ड्रायव्हिंगचं प्रोफाइल, म्हणजे गाडीसाठीची सगळी सेटिंग्ज एकदम, लावलं होतं, ते बदलायचं राहिलं. संध्याकाळी परतताना धुकं उतरलं, दहा पावलांवरचं दिसेना. गाडीची खूण टाकलेली होतीच, ती निवडून 'जा' दाबलं. गाडी सरळ रेषेत ९०० मीटरवर, आणि यंत्र सांगतंय ११ किलोमीटर, वर बाण पार उलट्या बाजूला. कारण ते मला डांबरी रस्त्याने न्यायला बघत होतं. शिवाय 'रस्त्याला चिकटव' हे सेटिंग चालू, त्यामुळे माझा त्रिकोण नकाशावर जवळच्या रस्त्यावर उडी मारून बसलेला, मी तर रानात उभा. बरोबरचे दोघे म्हणाले यंत्र बिघडलंय, बंद कर. पंधरा मिनिटं थंडीत उभं राहून मेनू उलटेपालटे केले तेव्हा सापडलं. मार्गाचा प्रकार 'थेट' केला, चिकटवणं बंद केलं, की लगेच ९०० मीटर आणि बाण समोर.

झाडोरा:
बाप रे. पण धुक्यात सरळ रेषेने जाणं पण बरं नाही, मधे घळ असली तर? 'जा' न दाबता आलेला ट्रॅक उलटा लावावा, ट्रॅकबॅक. ज्या वाटेने आलो तीच वाट रेघ म्हणून दिसते आणि तिथे कडा नव्हता हे आपल्याला माहिती असतं. त्यासाठी निघतानाच जुना ट्रॅक सेव्ह करून साफ करायचा आणि रेकॉर्डिंग चालू आहे ना ते बघायचं, ही सवय लावून घ्या.

चाकावरती:
बरोबर आहे ताई. त्या दिवशी मधे सपाट माळ होता म्हणून जमलं. आता ट्रॅकबॅकच वापरतो.

नवशिका:
यात संकटात मदत मागता येते का? बटण असतं म्हणतात.

कंदील:
नाही. साधा जीपीएस फक्त ऐकतो. मदतीचा संदेश पाठवणारी यंत्रं वेगळी, ती उपग्रहावरून बोलतात, बऱ्याच यंत्रांना महिन्याचं भाडं असतं आणि काही देशांत ती जवळ बाळगायला परवानगी लागते. जीपीएस घेतलाय म्हणून कोणी आपल्याला शोधत येईल असं समजून एकट्याने जाऊ नका, कुठे जाताय आणि कधी परत येणार ते घरी सांगून जा.

झाडोरा:
आकडे सांगताना पण जपा. एकदा आमच्या दोन गटांनी फोनवरून जागा कळवली, एकाने दशांशात वाचली '४५ पॉइंट ३०' आणि दुसऱ्याने ती ४५ अंश ३० मिनिटं म्हणून यंत्रात घातली. ४५.३० अंश म्हणजे ४५ अंश १८ मिनिटं. बारा मिनिटांचा फरक, अक्षांशात एक मिनिट साधारण १.८५ किलोमीटर, म्हणजे २२ किलोमीटर उत्तरेला. नशिबाने घरी बसूनच नकाशावर बघितलं आणि लक्षात आलं. गटात सगळ्यांच्या यंत्रात एकच पद्धत ठेवा. कागदी नकाशा जुना असेल तर त्याच्या कोपऱ्यातला डेटम, म्हणजे अक्षांश-रेखांश मोजायला धरलेला पाया, पण बघा, यंत्र डब्ल्यूजीएस ८४ वर असतं, जुना नकाशा दुसऱ्या कशावर असला तर खूण शंभर-दोनशे मीटर बाजूला पडते.

पाऊलखूण:
मंडळी, घेतलं! २२एक्स, सेकंडहँड, एकदाच वापरलेलं. कंदील यांनी सांगितलं तसं सगळं तपासलं, विकणाऱ्या काकांना म्हटलं जरा उन्हात येता का, ते पण उत्साहाने आले. सेलच्या जागी एक कण पूड नाही, काडी चारही बाजूंना आणि दाबल्यावरही टकटक चालते.

रविवारी पहिल्यांदा नेलं. गाडीतून उतरल्यावर बॉनेटवर ठेवलं, बुटांच्या नाड्या बांधेपर्यंत लागलं. गाडीची खूण टाकली, जुना ट्रॅक साफ केला, प्रोफाइल चालण्याचं आहे ना ते दोनदा बघितलं, चाकावरती यांची आठवण काढून. दुपारी मुद्दाम मुख्य वाट सोडून कारवीसारख्या उंच झुडपात शिरले, पंधरा मिनिटांत दिशेचा पत्ता राहिला नाही, मग ट्रॅकबॅक लावलं. थांबले की बाण खरंच गरगर फिरतो! वीस पावलं चालले, बाण वळून स्थिर झाला, आणि नंतर रेघेवरून परत त्याच खडकापाशी आले जिथे वाट सोडली होती. खडक आणि खूण यात माझ्या मापाने सहा पावलं.

एक शंका. माथ्यावर फोनने आणि यंत्राने उंची वेगवेगळी दाखवली, जवळजवळ ६० मीटरचा फरक. माथ्यावरच्या दगडावर उंची कोरलेली आहे, यंत्र त्याच्या जवळ होतं, फोन लांब. यंत्र बरोबर आणि फोन बिघडलाय का?

उत्तरध्रुव:
अभिनंदन! फोन बिघडलेला नाही. जीपीएस मुळात उंची मोजतो ती पृथ्वीच्या गणिती आकारापासून, समुद्रसपाटीपासून नाही. ते दोन पृष्ठभाग जुळत नाहीत, जगात जागेनुसार त्यांच्यात शंभरेक मीटरपर्यंत फरक पडतो. तुमचं यंत्र आतल्या कोष्टकावरून तो फरक वजा करून समुद्रसपाटीची उंची दाखवतं, फोनवरची काही अ‍ॅप्स कच्चा आकडाच दाखवतात. अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये जिऑइड किंवा समुद्रसपाटी असा काही पर्याय आहे का बघा, तो चालू करा. तरी २२एक्सची उंची दहा-वीस मीटर इकडे तिकडे होईल, कारण त्यात दाबाचा उंचीमापक नाही आणि उपग्रहांवरून काढलेली उंची आडव्या जागेपेक्षा नेहमीच जास्त चुकते. सगळे उपग्रह आपल्या डोक्यावर असतात, पायाखालचा एकही दिसत नाही.

पाऊलखूण:
सापडलं, पर्याय होता, बंद होता. चालू केल्यावर दोघांत नऊ मीटरचा फरक राहिला. शनिवारी दोन दिवसांसाठी जातेय, तीन जोड्या सेल चार्जिंगला लावलेत. आल्यावर ट्रॅक इथे टाकते, झाडोराताई, कड्याखालचा भाग कसा आलाय ते तुम्हीच बघून सांगा.